गरनाळ्यात ट्रक अडकला, तर भरपाई कोणाकोणावर बसते?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो, कारण ट्रकच्या धंद्यातली आपली बरीच मंडळी हे वाचतील. ट्रक तुझ्या बाबांच्या नावावर. बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या एका कारखान्यातून मशीन भरलं, बिल्टी (माल नेण्याची पावती) दुसऱ्याच ट्रान्सपोर्ट ऑफिसची. शहराबाहेरच्या जुन्या रेल्वे गरनाळ्यापाशी, म्हणजे रुळांखालून रस्ता जातो त्या पुलापाशी, मशीनच्या डोक्यावरचा उचलायचा हुक आधी उंच गाड्या अडवणाऱ्या लोखंडी कमानीला लागला. कमान वाकली, गाडी तशीच पुढे सरकली आणि पुलाच्या गर्डरखाली (लोखंडी तुळईखाली) रुतली. कमानीची एक पट्टी निखळून मागच्या स्कूटरवाल्याच्या पायावर पडली, पाय मोडला. या गोष्टीला सहा दिवस झाले. ड्रायव्हरवर गुन्हा दाखल आहे. गाडी मशीनसकट पोलीस ठाण्याच्या आवारात उभी आहे. रेल्वेने ११ लाख ४० हजारांची मागणी केली आहे. विम्याचा सर्व्हेयर तोंडी म्हणतो, "ओव्हरहाइट आहे, क्लेम बसणार नाही." कारखाना मशीनचे १८ लाख मागतोय, वर तुमची जुनी बिलंही अडवून बसलाय. आणि तू विचारतोस, "वकीलकाका, हे सगळं आमच्याच अंगावर येणार का?"

सगळं येणार नाही. काहीच येणार नाही, असंही नाही. आधी न्यायमंदिराच्या जुन्या कोर्टात आणि आता दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात अपघाताचे दावे लढवण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. पुलाला धडकलेल्या गाड्यांच्या प्रकरणात एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे. दोष कोणाचा यावर सगळे भांडतात, आणि उंची किती होती हे कोणी मोजलेलंच नसतं. पंचनाम्यात टायरच्या खुणा असतात, काचांचा चुरा असतो, 'रस्ता डांबरी व कोरडा' असतं, पण रस्त्यापासून गर्डरपर्यंत किती मीटर, ते नसतं. सहा महिन्यांनी कोर्टात उभं राहतो तोवर कमान सरळ झालेली असते, फलक नव्याने रंगवलेला असतो, माल उतरलेला असतो. मग ज्याच्याकडे कागद जास्त, त्याचं खरं ठरतं, आणि कागद ट्रकवाल्याकडे कधीच जास्त नसतात. म्हणून कायद्याच्या आधी मोजमापाचं बोलतो. तुझी गाडी अजून भरलेली उभी आहे, हे तुझं नशीब समज.

गाडी उतरवायच्या आत उंची मोजून घे. भरलेल्या ट्रकचे पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगा) दबलेले असतात. माल उतरला की गाडी वर उठते, आणि नंतर रिकाम्या गाडीवरून काढलेला आकडा समोरचा वकील दोन प्रश्नांत उडवतो. (जाताना भरलेली गाडी ज्या गरनाळ्यातून सहज गेली, तिथेच परतताना रिकामी बॉडी घासली, असे दोन दावे मी स्वतः चालवले आहेत. ड्रायव्हर खरं बोलत होता, कोणी विश्वास ठेवला नाही.) टायरची हवाही नोंदवून ठेव. पोलिसांना लेखी अर्ज दे की मोजमाप पंचांसमोर व्हावं, फोटोत पट्टीवरचे आकडे वाचता यावेत. गाडी सोडवायचा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली लगेच करता येतो. जप्त गाड्या ठाण्याच्या आवारात महिनोन्‌महिने सडत ठेवू नका, फोटो आणि सविस्तर पंचनामा करून सोडा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आपल्या गुजरातच्याच एका प्रकरणात सांगितलं आहे. तो पंचनामा तुझ्या कामाचा करून घे, त्यात उंची येऊ दे.

मग गरनाळ्यापाशी जा. एकटा जाऊ नकोस, सर्व्हेचं काम करणारा कोणी बरोबर घे. गर्डरच्या सगळ्यात खालच्या लोखंडापासून रस्त्यापर्यंत डावीकडे, मधे आणि उजवीकडे, अशी तीन ठिकाणी मापं घे. रस्त्याला उतार असतो, त्यामुळे एका बाजूला सहा-सात सेंटीमीटरचा फरक सहज निघतो. दोन्ही कमानींचं मापही घे. वाकलेल्या कमानीचं माप आता खरं येणार नाही, पण पलीकडच्या तोंडाची कमान शाबूत आहे. आणि कडेच्या गटारापाशी खाली वाकून बघ. तिथे डांबराची कड उघडी असते आणि थर दिसतात, एकावर एक.

एका जुन्या दाव्यात हेच झालं होतं. फलकावर ४.२ मीटर लिहिलेलं, आमच्या मापात ४.०६ निघाले. समोरच्यांनी साफ नाकारलं. गटाराच्या कडेला डांबराचे तीन थर स्पष्ट दिसत होते, खालचा काळवंडलेला, वरचा नवा चकचकीत. आमच्या माणसाने त्याला पोलादी पट्टी टेकवून फोटो काढला. चौदा सेंटीमीटर. रस्ता तीनदा वर आला होता आणि फलकावरचा आकडा होता तिथेच होता. त्या एका फोटोने जे काम केलं, ते माझ्या पाऊण तासाच्या युक्तिवादाने केलं नसतं. पुढे जागेची पाहणी करायला कोर्टाकडून कमिशनर नेमून घेतला. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर २६, नियम ९ यासाठीच आहे. तुझ्या प्रकरणात तोही अर्ज करू, पण कमिशनर जाईपर्यंत रस्ता खोदला गेला तर हातात फोटो हवेत.

आता तू पाठवलेले आकडे. ट्रकची माल ठेवायची फळी रस्त्यापासून १.२० मीटर, खाली लाकडी ठोकळे ०.१०, कारखान्याच्या ड्रॉइंगप्रमाणे मशीन २.५२. बेरीज ३.८२. फलकावर ३.९. ड्रायव्हरने हाच हिशेब केला आणि आठ सेंटीमीटर शिल्लक आहेत म्हणून गाडी घातली. ड्रॉइंगमध्ये हुक धरलेला नव्हता. हुक ०.१३, म्हणजे खरी उंची ३.९५. आणि तुझ्या चुलतभावाने घाईत घेतलेलं माप बरोबर असेल, तर गर्डरखाली जागा ३.८३ एवढीच होती.

या तीन आकड्यांत तुझा सगळा खटला आहे, म्हणून जरा सावकाश बघू.

३.९५ ही उंची मोटार वाहन नियमांच्या आत बसते. नियम ९३ मध्ये मालवाहू गाडीची उंचीची मर्यादा पूर्वी ३.८ मीटर होती, २०२० च्या दुरुस्तीने ती ४ मीटर झाली. तेव्हा 'बेकायदा उंच माल' हा आरोप तुझ्यावर सहज चिकटत नाही. तो चिकटला असता तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ च्या पोटकलम १अ खाली २० हजारांचा दंड आणि माल उतरवायचा खर्च बसला असता, आणि तो फक्त ड्रायव्हरवर नाही. 'गाडी तशी चालवू देणारा' असे शब्द त्या कलमात आहेत, म्हणजे मालकही आला. सर्व्हेयरचं 'ओव्हरहाइट' जर नियम ९३ च्या अर्थाने असेल, तर ते चुकीचं आहे.

पण गाडी कायदेशीर असणं वेगळं आणि त्या गरनाळ्यात बसणं वेगळं. फलक ३.९ चा होता आणि तू ३.९५ नेलीस. समोरचा वकील हेच म्हणेल की फलक अगदी बरोबर असता तरी हुक लागलाच असता, मग आमच्या सात सेंटीमीटरच्या चुकीने काय फरक पडला? हा प्रश्न पोकळ नाही. याचं प्रामाणिक उत्तर असं, की धडक तरीही झाली असती, पण हीच धडक झाली नसती. ३.९ ला हुकाचा वरचा पाच सेंटीमीटरचा भाग घासला असता. ३.८३ ला बारा सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ अख्खा हुक पोलादात गेला. कमान उखडणं आणि गाडी गर्डरखाली रुतणं हे त्यामुळे झालं, असं मशीन-इंजिनियरकडून साक्षीत आणावं लागेल. दोष वाटून घेण्याचा हा दावा आहे, दोष झटकून टाकण्याचा नाही. निम्म्याहून कमी वाटा गाडीच्या बाजूला येईल असं मला वाटत नाही, आणि तुला तसं खोटं आश्वासन देणार नाही. मात्र ११ लाख ४० हजारांपैकी निम्मे वाचले तरी ते तुझ्या बाबांची गाडी विकण्यापासून वाचवतील.

फलकाबद्दल अजून एक. गाड्यांवर उंचीची बंदी घालायची असेल तर त्याच कायद्याच्या कलम ११५ खाली अधिसूचना निघावी लागते आणि कलम ११६ खाली फलक लावावा लागतो. तो फलक कायद्याच्या परिशिष्टात दिला आहे त्याच आकाराचा, रंगाचा आणि प्रकारचा हवा: लाल कडेचं गोल चिन्ह, आत आकडा. भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलेला आकडा, त्यावर गेल्या नवरात्रातलं गरब्याचं पोस्टर, हा कायद्याच्या अर्थाने फलक नाही. फोटोत तुझ्या इथे गोल फलक दिसतोय, पण तो गरनाळ्याच्या अगदी तोंडावर आहे. तिथे पोचल्यावर लांब गाडीने काय करावं? मागे रिक्षांची रांग, वळायला जागा नाही. आधीच्या चौकात इशारा होता का, ते बघून ये. नसेल तर तोही तुझ्या बाजूचा मुद्दा आहे.

लोक मला नेहमी सांगतात की 'नियमाने अंडरपास साडेपाच मीटरचा हवा, मग हा इतका ठेंगणा कसा?' इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात शहरी भागासाठी ५.५ आणि ग्रामीण भागासाठी ५ मीटर आहे, हे खरं. पण आपल्या भागातले कित्येक रेल्वेपूल ट्रक जन्माला यायच्या आधीचे आहेत. १८६२ मध्ये गायकवाडांची डभोई–मियागाम नॅरोगेज सुरू झाली तेव्हा डबे बैल ओढत होते, आणि पुलाखालून जायच्या त्याही बैलगाड्याच. जुना पूल ठेंगणा आहे एवढ्यावरून कोणी दोषी ठरत नाही. ठेंगणा आहे हे खरं आणि वेळेवर सांगितलं नाही, तर ठरतो.

आणि सांगायचं कोणी? इथे दोन मालक आहेत. वरचं लोखंड रेल्वेचं, खालचं डांबर रस्ता ज्यांच्या ताब्यात त्यांचं. डांबर टाकणारा गर्डरकडे बघत नाही, गर्डरवाला डांबराकडे बघत नाही. म्हणून नोटिशीचं उत्तर देताना दोघांनाही गोवायचं, आणि आजच माहितीच्या अधिकारात दोन अर्ज टाकायचे. रस्त्याच्या संस्थेकडे: शेवटचे तीन डांबरी थर कधी पडले, किती जाडीचे, मापन-वहीची प्रत. रेल्वेकडे: या पुलाची नोंदलेली उंची, कमानीची तपासणी कधी झाली, याआधी इथे किती गाड्या अडकल्याची नोंद आहे. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पूर्वी तिथे गाड्या अडकल्या असतील, तर धोका माहीत नव्हता असं म्हणायची सोय राहत नाही.

समोरची बाजू राजकोट महानगरपालिकेचा १९९७ चा निकाल काढेल. रस्त्याकडेचं झाड एका वाटसरूवर पडलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरलं नाही. आपण १९६६ चा दिल्लीचा निकाल दाखवू. चांदणी चौकातलं जुनं घंटाघर कोसळलं होतं, आणि रस्त्यालगतच्या बांधकामाच्या मालकाने ते सुरक्षित ठेवलंच पाहिजे, दोष दिसणारा असो की न दिसणारा, असं न्यायालयाने ठरवलं. माझ्या मते आपलं प्रकरण दुसऱ्याच्या जवळचं आहे. झाड कधी पडेल हे कोणी सांगू शकत नाही, पण डांबर किती जाडीचं टाकलं हे टाकणाऱ्याला माहीत असतं.

आता रेल्वेच्या मागणीकडे येऊ. मागणीपत्र म्हणजे हुकूमनामा नव्हे. त्यातला प्रत्येक आकडा त्यांनी सिद्ध करायचा आहे. तुझ्या पत्रात कमान बदलणं, गर्डरची दुरुस्ती, तपासणीचा खर्च आणि गाड्या थांबल्याचं नुकसान, सगळं एकाच ओळीत एकाच रकमेत घातलं आहे. लेखी उत्तरात प्रत्येक बाबीचा तपशील माग. कमान लावतात ती गर्डर वाचावा म्हणून. ती वाकली म्हणजे तिने तिचं काम केलं, आणि तिची किंमत तुलनेने थोडी असते. गर्डरचं नुकसान सांगत असतील तर पुलाचा तपासणी अहवाल, लोखंड किती मिलिमीटर वाकलं त्याची नोंद, आणि गाड्यांना वेग कमी करायचा कॉशन ऑर्डर किती दिवस लागू होता, हे माग. त्याच संध्याकाळी गाड्या नेहमीच्या वेगाने धावल्या असतील, तर गर्डरचं मोठं नुकसान झालं होतं हे पटवणं त्यांना जड जाईल. आणि कागद जपून ठेव, कारण केंद्र सरकारतर्फे लावायच्या दाव्याला मुदतीच्या कायद्यात तीस वर्षं दिली आहेत. वर्षभर काही आलं नाही म्हणून फाइल रद्दीत घालू नकोस.

तुझ्या बाबांनी 'नुकसान भरून देऊ' असं काही लिहून दिलंय का? गाडी लवकर सुटावी म्हणून तसा कागद बहुतेक वेळा पुढे केला जातो. दिला नसेल तर देऊ नका. दोन कारणं आहेत. एक, तो कबुलीजबाब म्हणून समोर येतो. दोन, विम्याच्या पॉलिसीत स्पष्ट अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, कोणाला पैसे द्यायचं वचन द्यायचं नाही. तो कागद विमा कंपनीच्या हातात आयतं कोलीत देतो.

विम्याचं गणित बऱ्याच गाडीमालकांना माहीत नसतं, म्हणून नीट लक्ष दे. पुलाचं नुकसान हे तिसऱ्या पक्षाच्या मालमत्तेचं नुकसान. व्यापारी गाडीच्या पॉलिसीत त्याची मर्यादा साधारणपणे साडेसात लाख असते. पण थोडा प्रीमियम वाचवायला ती सहा हजारांवर आणायचीही सोय आहे, आणि एजंट कधीकधी विचारल्याशिवाय तसं करतो. पॉलिसीच्या पहिल्या पानावर तो आकडा बघ आणि मला कळव. मर्यादेच्या वर जे जाईल ते मालकाच्या खिशातून. रेल्वेच्या नोटिशीची प्रत आजच कंपनीला पाठव, पोच घे.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम वेगळा. फलक न पाहता गाडी घातली हा निष्काळजीपणा, आणि निष्काळजीपणासाठीच तर विमा काढतात. त्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही. अट मोडली असं कंपनीने दाखवलंच, तरी सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे की अशा वेळी 'नॉन-स्टँडर्ड' म्हणून ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. तोंडी नकार घेऊ नका, लेखी मागा. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षं असतात.

गाडीतला माल मात्र या पॉलिसीत येतच नाही. जो माल तुम्ही वाहून नेत होता, तो तिसऱ्या पक्षाची मालमत्ता धरत नाहीत. मशीनचा हिशेब २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्याने होतो. त्या कायद्याने माल पोचेपर्यंतची जबाबदारी 'कॉमन कॅरिअर'ची, म्हणजे ज्याच्या नावाची बिल्टी आहे त्या ट्रान्सपोर्टवाल्याची. तुझ्या बाबांचा करार कारखान्याशी नाही, ट्रान्सपोर्टवाल्याशी आहे. जास्त जोखमीचा दर ठरवून भाडं घेतलं नसेल, तर जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच, आणि तीही जाहीर केलेल्या किमतीच्या वर नाही. तू भाडं २६ हजार सांगितलंस. म्हणजे कमाल २ लाख ६० हजार. अठरा लाख कुठून आले? शिवाय नुकसानीची लेखी नोटीस माल बुक झाल्यापासून १८० दिवसांच्या आत ट्रान्सपोर्टवाल्याला मिळायला हवी, नाहीतर दावाच चालत नाही.

आणि या कायद्यात कारखान्याचीही एक जबाबदारी आहे, जी कोणी वाचत नाही. माल देताना फॉरवर्डिंग नोटमध्ये जो तपशील लिहिला, त्याच्या खरेपणाची हमी माल देणाऱ्याची. उंची २.५२ लिहिली, वर हुक ठेवला, स्वतःच्या क्रेनने चढवला. चुकीच्या तपशिलामुळे वाहतूकदाराचं नुकसान झालं तर ते कारखान्याने भरून द्यायचं. त्या नोटेची मूळ प्रत ट्रान्सपोर्ट ऑफिसातून आजच मिळव, उद्यावर टाकू नकोस. अशा प्रती 'सापडत नाही' व्हायला वेळ लागत नाही. कारखान्याचा ट्रान्झिट विमा असेल तर त्यांना पैसे तिथून मिळतील, आणि मग ती विमा कंपनी त्यांच्या जागी उभी राहून तुमच्यामागे येईल. तेव्हाही हीच उत्तरं. जुन्या बिलांतून परस्पर कापून घ्यायचा हक्क त्यांना नाही, त्याची वेगळी नोटीस देऊ.

स्कूटरवाल्याचं. त्याला आधी दवाखान्यात जाऊन भेटून ये. वकिलाने सांगितलं म्हणून नाही, माणूस जायबंदी झालाय म्हणून. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाईल, त्याला सहा महिन्यांची मुदत आहे. शारीरिक इजेच्या भरपाईला विम्यात साडेसात लाखांसारखी मर्यादा नसते, त्यामुळे ती रक्कम विमा कंपनी देईल. चूक गाडीची आणि फलकाची, दोघांची असली तरी त्याने त्या भांडणात पडायचं कारण नाही. तो सगळी रक्कम एकाकडून मागू शकतो आणि मग आपण आपसांत वाटून घ्यायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्याला हे सांगायला लाजू नकोस. लवकर पैसे मिळाले तर त्याचा राग तुझ्या ड्रायव्हरवर राहणार नाही.

एक गोष्ट तुझ्या प्रकरणात नाही, पण वाचणाऱ्यांसाठी लिहितो. गाडी विकून, मालकी बदलायच्या फॉर्म २९-३० वर सह्या करून मोकळे झालेले कितीतरी जण माझ्याकडे समन्स घेऊन आले आहेत. आरसी बुकावर ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पक्कं केलं आहे. आरटीओत नाव बदललं की नाही ते स्वतः जाऊन बघा.

आणि ड्रायव्हर. तुझ्या प्रश्नात त्याच्यावर एकच ओळ होती. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली बेफाम वाहन चालवणं, आणि हाड मोडलं म्हणून कलम १२५ चा गंभीर दुखापतीचा भाग, ज्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दोन्ही जामीनपात्र. रेल्वे सुरक्षा दलाने रेल्वे कायद्याचं कलम १५४ लावलं तर आणखी एक वर्षापर्यंत. त्याच्या सहीने घेतलेला जबाब गुजरातीत आहे, आणि तू म्हणतोस त्याला गुजराती वाचता येत नाही. काय लिहिलंय ते त्याला कोणी वाचून दाखवलं का? दहा वर्षं तुमच्याकडे आहे. हुक मोजायचा राहिला ही त्याची चूक, पण ३.८२ ची बेरीज त्याने केली होती. ज्या ड्रॉइंगवर त्याने भरवसा ठेवला ते इंजिनियरने काढलं होतं, आणि ज्या फलकावर ठेवला तो खात्याने लावला होता. मालक, विमा कंपनी, रेल्वे, सगळ्यांना वकील असतो. अशा प्रकरणांत 'ड्रायव्हर बेजबाबदार होता' एवढं म्हणून बाकीचे सगळे सुटायला बघतात, आणि मालकही कधीकधी त्यांच्यात सामील होतो. तुझ्या बाबांनी तसं करू नये. कायद्यानेही त्यात फायदा नाही, कारण नोकराची चूक ती मालकाची चूक, त्याला एकटा पाडून मालक वेगळा होत नाही.

उद्या मला अकराला कोर्टात दुसरं काम आहे. त्याआधी साडेनऊला तू त्याला घेऊन ये. त्याने कुठून गाडी काढली, फलक कुठे दिसला, ब्रेक कधी दाबला, हे त्याच्याच तोंडून आणि त्याच्या भाषेत लिहून घेऊ, आणि त्याला वाचून दाखवू. पॉलिसीचं पहिलं पान, बिल्टी आणि फॉरवर्डिंग नोट बरोबर आण. पोलीस ठाण्यातला मोजणीचा अर्ज मात्र आज संध्याकाळीच दे. मशीन उतरवायला कारखान्याचा क्रेन उद्या दुपारी येणार आहे, असं तूच लिहिलंयस.